त्या काळ्यातल्या रेघा

पेडियाट्रिक्सला नुकत्याच लागलेल्या जेआरांसाठी, म्हणजे ज्युनियर रेसिडेंट डॉक्टरांसाठी, लिहितोय. सीपॅम, सिक्वेस्ट्रेशन, ब्राँकोजेनिक सिस्ट हे फुफ्फुसाचे जन्मजात दोष तुम्हाला पाठ असणार. सीपॅमचे स्टॉकरनं पाडलेले प्रकार मीही घोकले होते. मला अडकवलं ते कंजेनायटल लोबर एम्फिसिमानं, म्हणजे फुफ्फुसाचा एक भाग (लोब) हवेनं फुगत जाण्याच्या जन्मजात आजारानं.

पहिल्या वर्षातली नाइट. दीड महिन्याचं बाळ, 'न्यूमोनिया' म्हणून दोन ठिकाणी नेब्युलायझेशन घेऊन आलेलं. श्वास सत्तरच्या वर. एक्स-रेत डावी बाजू काळी, हृदय उजवीकडे ढकललेलं. फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून सिनियरला पाठवला. उत्तर आलं, 'टेन्शन न्यूमो. सुई टाक.' म्हणजे फुफ्फुसाबाहेर छातीत दाबानं हवा साठलीय (न्यूमोथोरॅक्स), ती सुईनं काढ. टाकली. बाळ आणखीच ओढायला लागलं. मॅडम धावत आल्या, फिल्म व्ह्यू बॉक्सवर लावली. "त्या काळ्यात रेघा दिसतात का बघ."

दिसत होत्या.

या आजारात बऱ्याचदा ब्राँकसची, म्हणजे लोबला हवा नेणाऱ्या नळीची, कूर्चाच कच्ची असते. हवा आत शिरते, बाहेर पडताना नळी मिटते, लोब फुगत जातो. बहुतेकदा डावा वरचा. म्हणून काळ्या भागात रक्तवाहिन्यांच्या ताणलेल्या, पुसट रेघा असतात आणि खालचा लोब चेपून तळाशी बसतो. न्यूमोथोरॅक्समध्ये रेघा नसतात. अख्खं फुफ्फुस हायलमकडे, म्हणजे आपल्या मुळाकडे, गोळा होतं. मोबाइलच्या फोटोत नेमक्या याच रेघा उडतात. व्हॉट्सअॅपवरच्या निदानाचा मला तेव्हापासून राग आहे. फुगलेल्या लोबला सुई लागली की खराखुरा न्यूमोथोरॅक्स होतो. माझ्या हातून तेच झालं.

खरा टेन्शन न्यूमो असेल आणि बाळ कोसळत असेल तर थांबायचं नाहीच. पण आमचं बाळ रडत होतं, ऑक्सिजनवर सॅच्युरेशन टिकून होतं. एक मिनिट नक्की होतं. अॅम्बूही (श्वास द्यायची हातानं दाबायची पिशवी) जपून दाबा, दाबानं लोब आणखी फुगतो. आणि जन्मल्या जन्मल्या हाच लोब आतल्या द्रवामुळे पांढरा दिसू शकतो, तेव्हा उलटी फसगत होते.

घाबरू नका, अशा केसेस रोज येत नाहीत. सीटी करा, सोबत हृदयाचा दोष असू शकतो म्हणून इकोही करा. सिक्वेस्ट्रेशनची शंका असेल तर सीटीत काँट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध) हवाच. त्यात महाधमनीतून थेट आलेली रक्तवाहिनी सर्जनला आधी कळली पाहिजे.

आमच्या बाळाचा लोब काढला. फॉलोअपला आलं तेव्हा छान बाळसं धरलं होतं. स्टेथो लावायच्या निमित्तानं झबलं वर करून मी माझ्या सुईची खूण शोधली. सापडली नाही.