रोलर कोस्टरवरची हलती मूर्ती अडकली? मोटर बदलण्याआधी या चुका टाळा

संक्रांतीच्या सुमारास सोलापूरच्या होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरतो. तिथल्या ड्रॅगन ट्रेनच्या वळणावर, नाहीतर भूतबंगल्याच्या दारात उभा केलेला राक्षस ऐन गर्दीच्या वेळी हात वर करून थांबला, की पाळणेवाल्यांचं एकच म्हणणं असतं : "मोटर गेली, नवी टाका." इथूनच काम बिघडायला लागतं. मोटर गेलेली असेलही, पण ती बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी ओझ्याखाली जाते. ते ओझं शोधलं नाही, तर नवी मोटरही त्याच वाटेने जाणार.

आधी मोटर आणि हात जोडणाऱ्या रॉडची पिन काढा. त्याआधी हाताला खालून टेकू द्या, नाहीतर तो धाडकन खाली येईल. मग हात आपल्या हाताने वरखाली करून बघा. जड जातो का? एकाच ठिकाणी अडतो का? मोटर मोकळी फिरवा. ती न कण्हता फिरली, तर दोष सांध्यात आहे. यंत्रमागावरचा मुरलेला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, हेच करतो. माग अडला की बटण दाबत बसत नाही, चाक हाताने फिरवून बघतो. असा माणूस ओळखीचा असेल तर त्याला जरूर बोलवा. सोलापुरात हे ज्ञान घरोघरी आहे आणि ते देखाव्यांच्या कामात फारसं वापरलं जात नाही, याची मला खंत वाटते.

दुसरी चूक जास्त महागाची : मूर्ती बघायची आणि पाया बघायचाच नाही. हात झपकन पुढे येऊन थांबतो, तेव्हा त्या झटक्याचा तेवढाच उलटा धक्का खांद्यातून कण्यात आणि कण्यातून तळपट्टीत उतरतो. दिवसभरात शेकडो वेळा. टॉर्च तिरका धरून वेल्डिंगची कड बघा. रंगात केसाएवढी रेघ आणि तिच्यातून तांबूस भुकटी येत असेल, तर लोखंड आतून तडकलंय. तिच्यावर वरून वेल्डिंगचा थर चढवू नका. तडा ग्राइंडरने मुळापर्यंत खोदा, मग भरा आणि कोपऱ्यात तिकोनी पट्टी द्या. वेल्डिंग करताना कंट्रोल कार्डाच्या वायरी काढून ठेवा आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा. चिमटा लांब लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं.

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या अॅनिमल किंगडममध्ये २००६ साली 'एक्सपिडिशन एव्हरेस्ट' हा रोलर कोस्टर सुरू झाला. त्यातला सुमारे २५ फुटी यती सुरुवातीला खरोखर हात झटकायचा. पुढे तो बिघडला, आणि नंतर वर्षानुवर्षं त्याच्यावर स्ट्रोब लाइट (भरभर लुकलुकणारा दिवा) मारून हलल्याचा भास निर्माण केला गेला. डोंगराच्या पोटात बसवलेली एवढी अवजड मूर्ती बाहेर काढणं सोपं नसतं. म्हणून मूर्ती बसवतानाच पाठीमागे माणूस आत शिरेल एवढी झडप ठेवा. फायबर जोडून टाकल्यावर ती करायला गेलात, तर अर्धी मूर्ती फोडावी लागते.

ग्रीसचं म्हणाल, तर उघड्या सांध्यावर ते थापू नका. मैदानावरची धूळ त्यात बसली की त्याची पॉलिशपेस्ट होते आणि बुश (पिनेभोवतीची नळी) घासून जातो. जुनं ग्रीस रॉकेलने पुसा, थोडंच नवं लावा, वरून रबरी बूट (सांधा झाकणारं आवरण) चढवा.

विजेकडे या. मूर्ती रात्रीच मंदावते आणि दुपारी ठणठणीत चालते, अशी तक्रार असेल तर व्होल्टेज मोजा. मात्र एसएमपीएसजवळ (मोटरला वीज पुरवणाऱ्या डबीजवळ) नको, थेट मोटरच्या टोकांवर, आणि तेही हात उचलला जात असताना. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १० मीटर ओढली आणि मोटर ५ अँपिअर घेत असेल, तर जाऊन-येऊन जवळजवळ पावणेदोन व्होल्ट वाटेतच संपतात. अशा मूर्तीत गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर असेल, तर तिला ते फार झाले. वायर जाड टाका. सांध्यातून जाणारी वायर मात्र बारीक तारांची, लवचिक हवी आणि तिला थोडी ढील हवी. ताणून बांधलेली वायर बाहेरून अखंड दिसते, आतून तुटलेली असते.

हवेवर चालणारी मूर्ती असेल तर रोज सकाळी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढा. ते पाणी व्हॉल्व्हमध्ये गेलं की हात अडखळत चालतो आणि लोक उगाच सिलिंडर बदलतात. आत हात घालण्याआधी मेन स्विच बंद करून कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा आणि पाइपातली उरलेली हवाही सोडा. ३२ मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर ६ बार दाबाला सुमारे ४८ किलोचा जोर लावतो. बोटं चिरडायला तेवढा पुरे. "दोनच मिनिटांचं काम आहे" म्हणून हे कुणी टाळत असेल तर त्याला काम करू देऊ नका, मग तो मालक का असेना.

दुरुस्तीनंतर लगेच माणसं बसवणं ही सगळ्यात वाईट चूक. खांद्याचा बोल्ट एक आटा इकडेतिकडे झाला, तरी लांब हाताचा पंजा रुळाकडे चांगलाच सरकू शकतो. रिकाम्या डब्यावर बांबूचा सांगाडा बांधा : उभा राहून दोन्ही हात पसरणाऱ्या उंच माणसाच्या मापाचा, वर थोडं जास्तीचं अंतर धरून. मूर्तीचा हात जास्तीत जास्त पुढे आणून तिथेच धरा आणि डबा हाताने ढकलत न्या. सांगाड्याला कुठेही स्पर्श झाला, तर मूर्ती मागे सरकवा. मग हात पुढे आलेला असताना वीज आणि हवा दोन्ही बंद करून बघा. तो स्प्रिंगने किंवा स्वतःच्या वजनाने भिंतीकडे गेला पाहिजे. रुळाच्या बाजूला लोंबकळत राहिला, तर त्या दिवशी मूर्ती बांधून ठेवा आणि ट्रेन मूर्तीशिवाय चालवा.