सिलेक्टर लागत नाही? या चुका टाळा

"दादा, सीएसएस लागतच नाहीये." सीएसएस म्हणजे वेबपानाचं रंगरूप ठरवणारे नियम, आणि सिलेक्टर म्हणजे नियम पानातल्या कोणत्या एलिमेंटला (घटकाला) लावायचा ते सांगणारा भाग. यावर माझा एकच प्रश्न असतो: इन्स्पेक्टर, म्हणजे कोणत्या एलिमेंटला कोणते नियम लागलेत ते दाखवणारं ब्राउझरमधलं साधन, उघडलास का? बहुतेकांनी उघडलेला नसतो. कोड लिहायची घाई, बघायचा कंटाळा. एलिमेंटवर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' निवडा. तुमचा नियम तिथे दिसतच नसेल, तर सिलेक्टर जुळलेला नाही, नाहीतर नवी फाइलच ब्राउझरपर्यंत पोचलेली नाही. दिसतोय पण त्यावर रेघ आहे, तर तो जुळलाय आणि बहुधा दुसऱ्या नियमापुढे हरलाय. दुखणी वेगळी आहेत. नवशिके मात्र दोन्हींवर एकच गोळी देतात: !इम्पॉर्टंट, म्हणजे ओळीच्या शेवटी लिहून तिला बाकीच्या नियमांपुढे जिंकवणारा शब्द.

या गोळीने काय होतं ते मी भोगलंय. एका जुन्या साइटवर कोणीतरी #मुख्य या आयडीवरून (पानातल्या एकाच एलिमेंटचं नाव) आतल्या सगळ्या लिंक पांढऱ्या केल्या होत्या. तेव्हा पार्श्वभूमी गडद होती, त्यामुळे खपून गेलं. पुढे आत पांढरी कार्डं आली आणि पांढऱ्यावर पांढऱ्या लिंक गायब झाल्या. दुसऱ्याने .कार्ड क्लासवरून (अनेक एलिमेंटना देता येणारं नाव) निळा रंग दिला. लागला नाही, म्हणून !इम्पॉर्टंट. लगेच हॉवरचा (माउस लिंकवर नेल्यावरचा) रंग बदलेना, तिथेही !इम्पॉर्टंट. मग चालू पानाच्या लिंकला. माझ्याकडे काम आलं ते डार्क थीमचं, आणि एक रंग जागचा हलेना. दोन दिवस मी नुसते !इम्पॉर्टंट उपटत होतो. मूळ दुरुस्ती एवढीच निघाली: आयडीच्या जागी क्लास.

सिलेक्टरच्या वजनाचे तीन रकाने असतात: आयडी, क्लास, टॅग. हॉवरसारखे स्यूडो-क्लास (एलिमेंटची अवस्था किंवा जागा सांगणारे) आणि अॅट्रिब्यूट (टॅगमध्ये लिहिलेले गुणधर्म) क्लासच्याच रकान्यात जातात. तुलना डावीकडून होते, आणि या बेरजेत हातचा नसतो. अकरा क्लास एकत्र आणलेत तरी एक आयडी भारी पडतो. तिन्ही रकाने सारखे निघाले तरच नंतर लिहिलेला नियम जिंकतो. म्हणून मी स्टाइलसाठी आयडी वापरतच नाही. दुसऱ्याचा आयडी काढता येत नसेल तर तो :वेअर() मध्ये गुंडाळतो, आतल्याचं वजन शून्य होतं. आणि !इम्पॉर्टंट? १९९८च्या सीएसएस २ने वाचकाच्या स्वतःच्या स्टाइलशीटमधल्या !इम्पॉर्टंटला साइटवाल्याच्या !इम्पॉर्टंटवर मात करू दिली, म्हणजे ज्याला मोठी अक्षरं लागतात त्याला ती मिळावीत. तुमच्या घाईची सोय म्हणून नाही.

दुसरा माझा लाडका घोळ म्हणजे स्पेस. ".कार्ड .बटण" म्हणजे कार्डाच्या आतलं बटण. ".कार्ड.बटण" म्हणजे ज्या एकाच एलिमेंटवर दोन्ही क्लास आहेत तो. एका स्पेसपायी लोक अख्खी संध्याकाळ घालवतात आणि खापर ब्राउझरवर फोडतात. मी असा सिलेक्टर उजवीकडून मोठ्याने वाचतो: "बटण, जे कार्डाच्या आत आहे." वाचताना अडखळलो की चूक तिथेच असते.

इन्स्पेक्टरमधला 'कॉपी सिलेक्टर' हा शॉर्टकट तर मला बघवत नाही. तो बऱ्याचदा "तिसऱ्या डिव्हमधला (डिव्ह म्हणजे पानातला साधा डबा) दुसरा डिव्ह" अशी लांबलचक साखळी देतो. मध्ये कोणी एक डिव्ह घुसवला की साखळी तुटते. एक क्लास लिहायला इतके कष्ट पडतात का?

कितवं एलिमेंट ते पाहून निवडणारा :एनथ-चाइल्ड सगळी भावंडं मोजतो, फक्त तुमच्या क्लासची नाही. वर शीर्षक असेल तर पहिलं कार्ड त्याच्या लेखी दुसरं. स्वल्पविरामाने जोडलेल्या यादीत एक सिलेक्टर अवैध निघाला की अख्खा नियम बाद. एचटीएमएलमधल्या क्लासच्या नावाआधी टिंब द्यायचं नसतं, ते सीएसएसमध्येच. क्लासचं नाव देवनागरीत चालतं, पण सिलेक्टरमध्ये टिंबानंतर थेट इंग्रजी आकडा चालत नाही. आणि लिंकसाठी आधी व्हिजिटेडचा (उघडून झालेल्या लिंकचा) नियम लिहा, मग हॉवरचा. क्रम उलटा झाला तर एकदा उघडलेल्या लिंकवर हॉवरचा रंग दिसणारच नाही.