लहान मुलासाठी पहिला पाळीव प्राणी: गप्पी मासे, पण काचेच्या गोल भांड्यात नकोत

पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी गप्पी मासे उत्तम. गोल भांड्यातला गोल्डफिश मात्र टाळा. तो वीतभर वाढतो, घाणही फार करतो.

दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी घ्या. त्यात साधारण 40 लिटर पाणी मावते, म्हणून टेबल भक्कम हवे. सोबत स्पंजचा फिल्टर. मासे फक्त नर घ्या, पाच-सहा. माद्या आणल्या तर महिन्या-दीड महिन्यात पिल्लांनी टाकी भरते.

अनेकदा मासे पहिल्याच महिन्यात मरतात आणि मूल हिरमुसते. कारण घाई. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो; तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आधी दोनच मासे सोडा, बाकीचे महिन्याभराने. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, त्यासाठी क्लोरीन काढणारे औषध घाला. स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

खाणे मुलाच्या हातून, दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. डबा मात्र मोठ्यांनी वर ठेवावा. टाकीत हात घातल्यावर साबणाने हात धुवायला लावा.

पोपटाचा हट्ट धरला तरी ठाम राहा: आपला हिरवा पोपट आणि तारा कासव पाळणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.