अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर पक्षी टिपायला निघण्याआधी

बॅटरी, कार्ड, टोपी, पाणी. हे सांगायला नको. लेन्स चारशे-सहाशे मिलिमीटरची असेल तर उत्तम, नसेल तर आहे ती घ्या.

पहिलं काम भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी. तिथी बघा आणि तिला पाऊणने गुणा. येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ: द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. किनाऱ्यावरच्या माणसांना हा हिशेब तोंडपाठ असतो आणि मी गेल्या जानेवारीत तो केलाच नाही. पौर्णिमा होती. उजाडताना सुरूच्या बनातून खाली उतरलो तर समुद्र पार लांब गेलेला. पक्षी शेकड्यांनी होते, पण मोहरीएवढे. म्हणून मी चालत त्यांच्याकडे गेलो. सगळा थवा उठला आणि आणखी लांब जाऊन बसला. पुन्हा गेलो, पुन्हा उठला. दहाच्या सुमारास चढत्या पाण्यानंच त्यांना माझ्यासमोर आणून सोडलं, तेव्हा ऊन कडक झालेलं, फोटोत पांढरी पोटं जास्त उजेडानं जळालेली आणि मागे वाळूवर ठेवलेली बॅग भिजलेली.

तेव्हा भरतीची वेळ. कागदावर लिहा, खिशात ठेवा. पाऊणपटीचा हिशेब दिवस ठरवायला पुरतो. निघण्याच्या आदल्या रात्री जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टकही बघा.

सकाळसाठी द्वादशी-त्रयोदशी धरा. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, म्हणजे कोवळ्या उन्हात पाणी चढत असतं आणि पक्षी त्याच्यापुढे सरकत तुमच्याकडे येतात. आपला किनारा पश्चिमेचा, त्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि रंग, पिसं, डोळ्यातला उजेडाचा ठिपका सगळं मिळतं. संध्याकाळी तोच सूर्य समोर, समुद्रावर. त्या वेळी रंगाच्या मागे लागू नका, काळ्या आकृत्या टिपा. त्यासाठी पंचमी-षष्ठी बरी: भरती दुपारी पावणेचार-साडेचारला होऊन जाते आणि मावळतीला पाणी उतरताना मागे आरशासारखी ओली वाळू सोडतं. शेकाट्या या पाणपक्ष्याचे लांब पाय आणि त्यांचं प्रतिबिंब एकाच चौकटीत हवं असेल तर ही वेळ. कुठली वेळ? भरतीच्या हिशेबानं काढलेली.

आता झोपायचं. अक्षरशः, पोटावर. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे नुसती वाळू येते. कॅमेरा जमिनीलगत आला की मागचं सगळं विरघळतं आणि वीतभर चिखल्या पक्षीसुद्धा भारदस्त दिसतो. मी घरातली जुनी परात नेतो. तिच्यात कपड्याची घडी, घडीवर लेन्स. परात ओल्या वाळूवर ढकलत पुढे सरकता येतं आणि लेन्सला वाळू लागत नाही. कोपरांना जाड कापड बांधा, शिंपल्यांचे तुकडे टोचतात.

वेगळी मुद्रा मिळणं नशिबावर सोडायचं नसतं, ती आधी ओळखता येते. पक्षी अंघोळ करताना दिसला की बोट बटणावर ठेवा. अंघोळ संपली की तो बहुतेक वेळा उंच होऊन पंख झटकतो, तेव्हा शटर 1/2000 सेकंदावर. एका पायावर बराच वेळ उभा असलेला पक्षी जागा झाला की एकाच बाजूचा पंख आणि पाय एकदम मागे ताणतो, नर्तकासारखा. हे दोन-तीन सेकंदच चालतं. तुतवार आणि लांब चोचीचे गॉडविट हे किनाऱ्यावरचे पक्षी जांभई दिल्यासारखी चोच उघडतात तेव्हा वरच्या चोचीचं फक्त टोक वर वाकतं. चिखलातलं भक्ष्य पकडायला ते टोक वेगळं हलतं. मला स्वतःला सर्वांत आवडतात ते लाटेपुढे पळणारे सँडरलिंग नावाचे छोटे पक्षी. त्यांच्यासाठी शटर 1/30 वर आणा आणि कॅमेरा त्यांच्याबरोबर फिरवा. पाय धूसर होतात, डोकं जागेवर राहतं. पन्नासातला एखादाच फोटो जमतो.

उडतानाचा फोटो हवा म्हणून थवा उठवायचा नाही. कुत्री सोडणं, टाळ्या वाजवणं, पळत जाणं, काहीही नाही. मी दोनदा उठवला, ते अजून खुपतं. हे पक्षी इथे हिवाळाभर खाऊन परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतात. 2022 साली एक गॉडविट अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे 13,560 किलोमीटर न थांबता उडाला, तो अशाच साठ्यावर. आपल्या एका फोटोसाठी त्यातलं काही खर्च करायला लावू नये. पाणी वाढलं की ते आपणहून उठतात. म्हणून पुन्हा तेच, पाणी कधी वाढणार ते माहीत हवं.

मार्चअखेर, एप्रिलात जमलं तर जा. चिखल्यांच्या छातीवर तांबूस रंग चढायला लागलेला असतो.

बॅग वाळूवर नको, सुरूच्या झाडाला टांगा. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. घरी आल्यावर ओलसर फडक्यानं खार पुसा, ट्रायपॉड गोड्या पाण्यानं धुवा, परातही. फोटो उतरवून घ्या.

आणि खिशातला तो कागद. भरतीची वेळ लिहिली ना?