बोलिंग बॉलचा अंगठ्याचा इन्सर्ट: दोन ठेवा, स्वच्छ ठेवा

बदलता येणारा थंब इन्सर्ट, म्हणजे बॉलच्या अंगठ्याच्या भोकात फिरवून लॉक होणारा तुकडा, घेताय ना, मग एकावर भागवू नका, दोन करून घ्या, एक रोजच्या मापाचा आणि दुसरा १/६४ इंच मोठा, कारण पहिल्या गेमला सैल वाटणारा अंगठा तिसऱ्या गेमपर्यंत सुजतो आणि मग बॉल हातातून सुटतच नाही, अडकतो. मधल्या छोट्या फरकाला इन्सर्टच्या आत टेपची एक पट्टी लावा किंवा काढा.

कंपनी आधीच ठरवा, व्हाइस (VISE) कंपनीचा आतला भाग, म्हणजे इन्सर्ट, टर्बो (Turbo) कंपनीच्या बाहेरच्या स्लीव्हमध्ये, म्हणजे तो जिथे लॉक होतो त्या नळीत, बसत नाही, आणि बाहेरचा स्लीव्ह बॉलमध्ये चिकटवलेला असतो, नंतर बदलायचा म्हणजे परत प्रो शॉपच्या, म्हणजे बॉलला भोकं पाडून देणाऱ्या दुकानाच्या, चकरा.

आता खरं काम साफसफाईचं. इन्सर्ट काढून लॉकच्या खाचा बघा, तिथे टेपचा चिकट गोंद आणि पावडरचा काळपट थर बसलेला असतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कपड्याने तो पुसा, पूर्ण सुकू द्या, मगच बसवा. फिरवताना जोर लावावा लागला तर मळ राहिलाय, अजिबात ठोकू नका. आणि टाकण्याआधी प्रत्येक वेळी अंगठा घालून हलवून बघा, जरा जरी डुगडुगला तर परत काढून नीट लॉक करा.