घर पुढे भाड्याने द्यायचंय, मग लोन कुठलं घ्यायचं, होम लोन की कमर्शियल?

लोन काढायला गेलं की आपण सगळे पहिलं काय विचारतो, तर रेट काय चाललाय. माझं म्हणणं, तो प्रश्न जरा मागे ठेवा आणि आधी स्वतःला विचारा की या घरात मी खरंच राहायला जाणारे का, आणि गेलो तर किती दिवस. कारण सगळं गणित तिथूनच फिरतं.

आधी स्वतः राहून मग भाड्याने देणार असाल तर साधं होम लोन घ्या, फार डोकं लावू नका. ते तुमच्या पगारावर आणि क्रेडिट स्कोअरवर मिळतं, डाउन पेमेंट कमी लागतं, मुदतही लांब मिळते. फक्त ॲग्रीमेंटमध्ये स्वतः राहायची अट आहे का ते नीट वाचा, काही ठिकाणी ती 1 वर्षाची असते, आणि अट असेल अन् त्याआधी भाडेकरू ठेवायची वेळ आलीच तर बँकेला लेखी कळवून परवानगी घ्या. राहायचं नसतानाही रेट कमी मिळतो म्हणून फॉर्मवर 'स्वतः राहणार' अशी टिक मारणारे असतात, ते करू नका, ती सरळ फसवणूक धरली जाते आणि बँक अख्खं लोन एकरकमी परत मागू शकते. आणि हो, भाडेकरू आला की घराचा इन्शुरन्सही बदलावा लागू शकतो, हे हमखास विसरतात लोक.

पहिल्या दिवसापासून भाड्यानेच द्यायचंय पण घर एकच आहे आणि पगार चालू आहे, तर मधला रस्ता बघा. गुंतवणुकीच्या घरासाठीही निवासी लोन देणाऱ्या बँका असतात, रेट थोडा जास्त, डाउन पेमेंट जास्त, पण तरी कमर्शियलपेक्षा सहसा परवडतं.

आता कमर्शियल, म्हणजे धंदा धरून दिलेलं लोन. इथे बँक तुमच्या पगारापेक्षा घराची कमाई बघते. समजा महिन्याचं भाडं 100 धरलं. वर्षात एक महिना घर रिकामं राहील म्हणून 8 वजा, टॅक्स, दुरुस्ती, मेंटेनन्सचे 22 वजा, उरले 70. बँक म्हणते ही कमाई हप्त्याच्या 1.25 पट तरी हवी, म्हणजे हप्ता 56 च्या वर गेला की लोनची रक्कम कापली जाणार. हे गणित बँकेत जायच्या आधी घरी कागदावर करून बघा, अर्धे प्लॅन तिथेच गळतात (माझाही गळला होता).

दुसरी गोम मुदतीत आहे. कमर्शियलमध्ये बरेचदा हप्ता 25 वर्षांच्या हिशोबाने बसवतात पण लोनची मुदत असते 5 किंवा 10 वर्षं, आणि मुदत संपली की उरलेली रक्कम एकदम भरायची नाहीतर नवीन लोन काढायचं. 8 टक्के व्याज धरलं तर 5 वर्षं इमानदारीत हप्ते भरूनही 100 पैकी जवळपास 92 बाकीच असतात, आणि तेव्हा रेट चढलेले असले तर काय करणार? लवकर फेडायला जावं तर काही लोनवर प्रीपेमेंटचा दंड असतो. कंपनीच्या नावावर घेतलं म्हणजे आपण सुटलो असंही नाही, पर्सनल गॅरंटीवर (कंपनीने नाही फेडलं तर मी फेडेन, यावर) सही बहुतेक वेळा घेतातच.

मग घ्यायचं कोणी? ज्यांना एकाच इमारतीत बरीच घरं घ्यायचीयेत, किंवा आधीच दोन-तीन लोनं अंगावर असल्याने पगारावर आणखी मिळत नाहीये, त्यांनी. एका फ्लॅटसाठी मी तरी नाही घेणार.

काहीही ठरवा, सही करायच्या आधी हप्त्यांचं पूर्ण शेड्युल प्रिंट करून मागा आणि सरळ शेवटच्या पानावर जा. शेवटच्या हप्त्यानंतर बाकी शून्य दिसली तर ठीक, आणि तिथे मोठा आकडा दिसला तर त्या दिवशी तो कुठून आणणार हे आधी ठरवा.