तार सा लावताना गळा आवळतो? आधी जोर कमी करा

‘पोटातून आवाज काढ’ हा सल्ला मी गाणं शिकायला लागले त्याच आठवड्यात ऐकला आणि पुढची सात-आठ वर्षं त्याचा अर्थ शोधत बसले. पोटातून आवाज निघतो तो भूक लागल्यावर. गाण्याचा आवाज गळ्यातल्या दोन इवल्याशा पडद्यांतून निघतो आणि त्या पडद्यांना काय झेपतं, काय नाही, हे नवशिक्याला कुणी सांगतच नाही. सांगतात काय, तर ‘मोकळा लाव’, ‘खुलून गा’, ‘घाबरू नकोस’. म्हणून हा लेख.

मी मोठ्या माणसांना शिकवते. निवृत्त झालेले काका, पोरं हाताशी आल्यावर स्वतःसाठी वेळ मिळालेल्या काकू, दिवसभर कॉलवर बोलून घसा सुकवणारी आयटीतली मुलं. फोनवर तानपुऱ्याचं ॲप आहे, रोज अर्धा तास मिळतो आणि सारेगमप सुरात म्हणता येतं, एवढं मी धरून चालते.

पहिलं काम: स्वतःची पट्टी

पट्टी म्हणजे पेटीच्या ज्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर तुमचा सा बसतो ती. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया. मी ज्या क्लासात शिकले तिथे पेटी एक आणि मुली बारा, म्हणून सगळ्यांना सरसकट काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी. माझा गळा मुळातच खालचा. काळी पाचच्या तार षड्जाला, म्हणजे वरच्या साला, पडदे सेकंदाला साधारण 466 वेळा एकमेकांवर आपटतात, काळी तीनच्या तार षड्जाला 370 वेळा. हा फरक माझ्या मानेच्या शिरांना रोज संध्याकाळी कळत होता, मला मात्र वाटायचं रियाज कमी पडतोय.

पट्टी खालच्या टोकाकडून शोधायची. पेटी किंवा फोनवरचा कीबोर्ड घ्या आणि ‘आ’ म्हणत एकेक पट्टी खाली उतरा. जिथे आवाज खरखरायला किंवा हवेत विरायला लागतो, त्याच्या आधीचा शेवटचा स्वच्छ स्वर म्हणजे तुमचा मंद्र पंचम, खालच्या सप्तकातला प, समजा. तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजत वर पाचवी पट्टी, तो तुमचा सा. माझा खालचा स्वच्छ स्वर काळी एकचा, म्हणून सा काळी तीनला. पुरुषांचा सा बहुधा पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास पडतो, बायकांचा काळी तीन ते काळी पाच. पण हा नियम नव्हे. तुमचा गळा यात बसला नाही तर गळ्याचं ऐका. ॲपमध्ये पट्ट्या इंग्रजी अक्षरांत असतात: सी शार्प म्हणजे काळी एक, एफ शार्प म्हणजे काळी तीन, जी शार्प काळी चार.

हे सर्दी नसताना आणि सकाळी नऊ-दहानंतर करा. उठल्या उठल्या सगळेच भारदस्त वाटतात.

बसणं आणि श्वास

मांडी दुखत असेल तर खुर्चीवर बसा, कुणी नापास करणार नाही. श्वास घेताना खांदे उचलले जात असतील तर आरशासमोर बसा. पाठीकडच्या, खालच्या बरगड्या रुंदावल्या की झालं. अर्ध्या मिनिटाच्या दमसासाच्या मागे लागू नका. कुमार गंधर्व क्षयातून उठल्यावर एका फुप्फुसाच्या बळावर गायले आणि छोट्या छोट्या स्वरवाक्यांतून त्यांनी जे उभं केलं ते आपण सगळे ऐकतोच.

खर्ज

खर्ज म्हणजे खालचे स्वर लांबवत घोळवणं. सकाळी दहा मिनिटं, मंद्र सप्तकात, हळू आवाजात. जड, गुरगुरता आवाज काढला म्हणजे खर्ज झाला असं नाही. पहाटे चारला उठून तासभर खर्ज भरण्याच्या गोष्टी ऐकायला छान असतात, पण पहिल्या वर्षात तसं केलंत तर दुपारी फोनवर बोलता येणार नाही.

पंचमापासून तार षड्जापर्यंत

आता खरी अडचण. सा ते प सगळ्यांना जमतं. धैवताला (ध) हनुवटी थोडी वर जाते, निषादाला (नी) भुवया उचलल्या जातात आणि तार षड्ज लागतो तो दारावर धडक दिल्यासारखा. लागला तरी अर्धवट, किंचित खाली. मी इतकी वर्षं हेच केलं. एका परीक्षेत परीक्षकांसमोर भूप रागातल्या साध्या आरोहात माझा तार सा फाटला. त्यानंतर दोन महिने मी दुप्पट जोर लावून रियाज केला, म्हणजे नेमकी चूक होती तीच घोटली.

मुळात होतं असं. स्वर वर चढतो तसे स्वरयंत्रातले पडदे ताणले जातात आणि पातळ होतात, तंबोऱ्याची तार पिळावी तसे. पातळ पडद्याला थोडी हवाही पुरते. आपण मात्र ‘वर जायचंय’ म्हणून छातीभर श्वास घेतो आणि तो सगळा खालून ढकलतो. एवढ्या हवेला अडवायला पडदे घट्ट मिटतात, त्यांच्या मदतीला जीभ मागे ओढली जाते, जबडा आवळतो. झाला दाबलेला आवाज. वर जाताना हवा वाढवायची नाही, कमी करायची. हे एक वाक्य मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर ती परीक्षा वाचली असती.

यात एक गोची आहे. आपल्याकडे खोट्या आवाजाचा तिटकारा आहे आणि तो योग्यच आहे. पण त्यामुळे वरचा स्वर जरा हलका झाला की शिकवणारे ‘अंऽ, चोरून नको, भरून लाव’ म्हणतात आणि विद्यार्थी मंद्रातलं सगळं वजन उचलून तारात घेऊन जायला बघतो. मध्ये जड आणि हलक्या आवाजाचा सांधा असतो, तिथे ते सांडतं. हलका आवाज आणि खोटा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोटा आवाज निषादावर अचानक बदलतो, ऐकणाऱ्याला वाटतं गाणारी व्यक्तीच बदलली. हलकेपणा पंचमापासून हळूहळू यायला हवा, इतका हळू की कुठे आला ते सांगता येऊ नये.

आता कसं करायचं ते.

तानपुरा तुमच्या पट्टीपेक्षा दोन पट्ट्या खाली लावा. काळी तीनवाल्यांनी पांढरी तीन घ्यायची. यावर नाक मुरडू नका. लाज वाटण्यासारखं काही नाही, वजन उचलणारेही आधी रिकामा बार उचलतात.

लहान मुलं गाडी गाडी खेळताना ओठांनी भुर्रर्र करतात ना, तसं ओठ फुरफुरवत पंचमावरून तार षड्जापर्यंत घसरत जा आणि परत या. मधले स्वर वेगळे म्हणायचे नाहीत, सलग मींड. फुरफुर मध्येच थांबली तर हवा जास्त तरी झाली किंवा कमी तरी. ओठच सांगतात, मास्तर लागत नाही. ज्यांचे ओठ फुरफुरतच नाहीत त्यांनी पेल्यात दोन बोटं पाणी घ्यावं, त्यात स्ट्रॉ बुडवावी आणि ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढत तीच मींड घ्यावी. पाण्याचा उलटा दाब वरून आल्यामुळे पडद्यांना एकमेकांवर जोरात आपटावं लागत नाही. घरचे हसतील. माझा मुलगा आजही हसतो.

आठवडाभर एवढंच. मग तीच मींड तोंड मिटून, मऊ गुंजारवात. मग ‘ऊ’वर, मग ‘ओ’वर आणि सगळ्यात शेवटी आकारात, म्हणजे ‘आ’वर. आकार सगळ्यांत अवघड, आणि क्लासात पहिल्या दिवशी तोच मागतात.

हे करताना दोन गोष्टी तपासा. हनुवटीखालच्या मऊ जागेवर अंगठा ठेवा. तार षड्जाला ती जागा दगडासारखी टणक झाली तर जीभ ओढली जातेय. थांबा, जांभई द्या, पुन्हा फुरफुरीवर जा. दुसरं, वरचा सा घ्यायच्या अगदी आधी श्वास घेऊ नका. पंचमाच्या आधी घेतलेल्या साध्या श्वासावरच वर जाऊन या. आयत्या वेळचा मोठा श्वास हाच निम्मा गुन्हेगार असतो.

आवाज किती? शेजारच्या खोलीत तान्हं बाळ झोपलंय इतका. पण कुजबुज नको, हवा गळता कामा नये.

बरोबर लागला हे कसं ओळखायचं? तुम्हाला काही केल्यासारखं वाटणारच नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू माझ्याकडे येतात. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा तार सा तानपुऱ्यात असा मिळाला की क्षणभर तानपुरा कुठला आणि काकू कुठल्या कळेना. त्या गायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, “ताई, हा नाही लागला, परत घेते.” त्यांच्या लेखी कष्ट झाले नाहीत म्हणजे स्वर लागला नाही. म्हणून फोन पाच-सहा फुटांवर ठेवून रेकॉर्ड करा आणि स्वतःच्या जाणिवेपेक्षा त्या रेकॉर्डिंगवर विश्वास ठेवा.

दोन आठवडे असे शांतपणे गेले की तानपुरा एक पट्टी वर. आणखी दोन आठवड्यांनी मूळ पट्टी. कुठे आवळलं तर पुन्हा खाली. आणि दिवसाला दहा मिनिटांच्या वर तार सप्तकात राहायचं नाही. उत्साहाच्या भरात मी स्वतः हा नियम मोडला आहे आणि आठवडाभर खुणांनी बोलले आहे.

जोम

गाण्यातला जोम मोठ्या आवाजात नसतो, शब्द स्पष्ट टाकण्यात आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नेमकं येण्यात असतो. ॲपवर मध्य लयीत तीनताल लावा, भूपातली छोटी बंदिश घ्या आणि हाताने टाळी-खाली देत म्हणा. मुखडा समेवर चुकला तर आवाज चढवून झाकू नका. कॅरिओकेवर मूळ गायिकेच्या पट्टीत ओरडणं तूर्त बंद. त्या ट्रॅकची पट्टी खाली करता येते, बटण शोधा.

घसा

पाणी दिवसभर घोट घोट प्या. गाण्याआधी एकदम लिटरभर पिऊन उपयोग नाही, कारण गिळलेलं पाणी पडद्यांना शिवतही नाही, ते अन्ननलिकेतून जातं. ज्येष्ठमध, खडीसाखर चघळा, बरं वाटतं, पण त्याने सूर लागत नाही. सारखं खाकरू नका, त्यापेक्षा आवंढा गिळा. आवाज बसला की कुजबुजून बोलणं बंद, त्यानेही पडद्यांवर ताण येतो. गप्प बसा. गणपतीच्या दहा दिवसांत आरतीतल्या उंच ओळी दुसऱ्यांना द्या. आणि घोगरेपणा तीन आठवड्यांच्या वर राहिला तर काढे थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

चार माणसांत गाणं

धीर आरशासमोर येत नाही, माणसांसमोरच येतो, पण माणसं मोजून घ्या. पहिल्यांदा दोन, तीही घरची. मग भजनी मंडळात इतरांच्या आवाजात मिसळून. मग एकट्याने एक अभंग, ज्यात तार षड्जाच्या वर काही नाही असा. जे घरी दहापैकी नऊ वेळा सहज लागतं तेच लोकांत गायचं. दहापैकी पाच वेळा लागणारं ‘तिथे लागेल’ या आशेवर नेऊ नका. तिथे तीनदाच लागतं.

आपली पट्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मला ती कळली तीच मुळी एका छोट्या कार्यक्रमात, साथीला बसलेल्या पेटीवाल्या काकांमुळे. त्यांनी पहिलं गाणं ऐकलं, भाता थांबवला आणि हळूच विचारलं, “बाई, चार पट्ट्या खाली घेऊ का?” मी अपमान झाल्यासारखी बघत राहिले. त्यांनी उत्तराची वाट न बघता काळी तीन धरली. सगळेच वादक एवढे समजूतदार नसतात. कुणी म्हणालं, “जरा वर घेऊ या, खुलेल,” तर हसून मान हलवायची आणि आपली पट्टी पुन्हा सांगायची.